मुलीचा अभिमान आणि एसटी थांब्यावरचा फलक

पत्र :

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात आल्याची शेती करतो. माझी मुलगी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून एनसीसीची कॅडेट आहे. जानेवारी 2025 मध्ये ती प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरासाठी दिल्लीला गेली आणि 26 जानेवारीला मुलींच्या पथकातून कर्तव्यपथावर चालली. आमच्या गावातून तिथवर गेलेली ती पहिलीच. मी स्वतः तरुणपणी सैन्यभरतीला तीन वेळा उभा राहिलो आणि तिन्ही वेळा उंचीत कमी पडून परत आलो, त्यामुळे त्या सकाळी टीव्हीसमोर मला रडू आवरले नाही. मी एसटी थांब्यावर मोठा फ्लेक्स लावला, रोज स्टेटस ठेवले आणि ग्रामपंचायतीच्या सत्कारात ‘आमची लेक लष्करात अधिकारी होणार’ असे जाहीर सांगितले. टीव्हीवरचे चित्र थांबवून, तिच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढून, मी ते नातेवाइकांच्या सगळ्या गटांवर पाठवले होते. परत आल्यावर ते पाहून ती म्हणाली, “बाबा, ही मी नव्हेच.” तेव्हापासून ती गप्प आहे. फ्लेक्स उतरवा म्हणते. तिच्याबरोबर सराव करणारी शेजारच्या गावची मैत्रीण शेवटच्या निवडीत मागे राहिली, तिला मी तोंड कसे दाखवू, असे विचारते. दुसऱ्या सत्काराला ती आलीच नाही आणि मी चारचौघांत ओशाळलो. धाकटा मुलगा दहावीत आहे, तोही हल्ली फटकून वागतो. बापाने आनंद लपवून ठेवायचा असतो का? माझे काय चुकले?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आनंद लपवू नका. हे सर्वांत आधी सांगते, कारण ‘माझे काय चुकले’ असे विचारणाऱ्या बापाला आपला आनंदच चुकीचा होता असे वाटू लागण्याची भीती असते, आणि तसे झाले तर तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीचे नुकसान अधिक होईल. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे आणि जिथे कितीतरी घरांच्या भिंतींवर गणवेशातल्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरी आहेत, त्या जिल्ह्यात भरतीच्या मैदानावरून तीनदा परत आलेल्या माणसाची मुलगी कर्तव्यपथावर चालली, तर त्याच्या डोळ्यांत पाणी येणारच. त्या अश्रूंबद्दल मला काहीही सल्ला द्यायचा नाही. सल्ला द्यायचा आहे तो त्यानंतरच्या गोष्टींबद्दल, आणि त्यातही सर्वाधिक त्या लाल गोलाबद्दल.

मी एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे शिकवले आणि माझ्या वर्गाच्या खिडकीतून एनसीसीचे मैदान दिसत असे. तिथवर पोचणे म्हणजे काय, हे त्यामुळे मला थोडेफार ठाऊक आहे. आधी महाविद्यालयातून नावे जातात, मग बटालियनच्या शिबिरात निवड होते, मग ग्रुपच्या, आणि त्यानंतर संचालनालयाच्या पातळीवर एकापाठोपाठ एक शिबिरे होऊन यादी दर वेळी लहान होत जाते. महाराष्ट्रात असे सात ग्रुप आहेत आणि तुमचा जिल्हा कोल्हापूर ग्रुपकडे येतो. ज्या जानेवारीत तुमची मुलगी दिल्लीला होती, त्या शिबिरात देशभरातले 2,361 कॅडेट होते आणि त्यांत 917 मुली होत्या. मुलींची एवढी संख्या त्याआधी कधीच नव्हती. दिल्ली छावणीतल्या करिअप्पा मैदानावर हे शिबिर जवळजवळ महिनाभर चालते. कर्तव्यपथावरच्या सरावासाठी मुले-मुली अंधारातच उठून निघतात, आणि जानेवारीतल्या दिल्लीच्या पहाटेची थंडी आपल्याकडच्या थंडीसारखी नसते. 23 जानेवारीची रंगीत तालीम, 26 जानेवारीचे संचलन आणि 27 जानेवारीची पंतप्रधानांची रॅली एवढे तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. त्यामागचे दिवस तिने पाहिले आहेत.

आता त्या चित्राकडे येऊ. मुलींच्या पथकात 148 जणी होत्या. त्यांतल्या प्रत्येकीची टोपी, तिच्यावरचा लाल तुरा, हाताची उंची, टाचेचा आवाज सारखा असावा, सलामी मंचासमोर सगळ्यांच्या माना एकाच क्षणी वळाव्यात, आणि पाहणाऱ्याला 148 मुली न दिसता एकच चालणारी गोष्ट दिसावी, यासाठी तो महिनाभराचा सराव असतो. संचलनात एखादी उठून दिसली, तर ती तिची चूक समजली जाते. म्हणजे तुमच्या मुलीला त्या गर्दीत तुम्ही ओळखू शकला नाहीत, हा तुमच्या प्रेमातला उणेपणा नव्हता. तिने आपले काम नेमके केले होते, याचाच तो पुरावा होता. तिच्या जागी दुसऱ्याच मुलीभोवती तुम्ही गोल काढलात याचे तिला वाईट वाटले असेल असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. आपण जे मोठ्या कष्टाने साधले, ते आपल्या वडिलांना कळलेच नाही, हे तिला त्या गोलात दिसले असावे. तिने कित्येक महिने स्वतःला ओळीत मिसळून टाकायला शिकवले, आणि घरी आल्यावर तिला ओळीतून उचलून थांब्यावर एकटीला उभे केले गेले, तेही दहा फुटी.

यात तुमचा हेतू वाईट होता असे मी क्षणभरही म्हणत नाही. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात कौतुक तोंडावर करण्याची रीतच नाही. मुलीला जवळ घेऊन ‘छान केलेस’ म्हणायला बापाची जीभ अडखळते, आणि मग तेच प्रेम फ्लेक्सवर, हारांत, पेढ्यांत, शाल-श्रीफळात वाट शोधते. सगळ्या गावाला सांगितलेली गोष्ट आपण तिला मात्र सांगितलेली नाही, हे पुष्कळदा आपल्या ध्यानातही येत नाही. तुमच्या पत्रात तुम्ही सरपंचांना काय सांगितले ते आहे, नातेवाइकांना काय पाठवले ते आहे. मुलगी स्टेशनवर उतरली तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात, ते त्यात नाही. कदाचित लिहायचे राहिले असेल. पण राहिले नसेल, तर आधी तेवढे करा.

तिला विचारा. सत्काराच्या भाषणात विचारतात तसे ‘कसे वाटले’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘छान वाटले’ एवढेच येते. शेतीतल्या जाणत्या माणसाला आपण विचारतो तसे बारकाईने विचारा. तू कितव्या रांगेत होतीस, तुझ्या उजव्या हाताला कोण होती, बूट पहिल्यांदा कुठे लागले, कुठले पाऊल चुकत होते आणि ते कसे बसले, जेवणात काय असे, कुणाची भाषा समजत नसे. कवायतीत ‘दाहिने सज’ असा हुकूम झाला की प्रत्येक जण उजवीकडच्याकडे पाहून ओळ जुळवतो. त्यामुळे आपल्या उजवीकडची मुलगी कुठल्याही कॅडेटला नीट ठाऊक असते, आणि त्या पथकात वेगवेगळ्या राज्यांच्या मुली एकत्र असतात, म्हणून ती मुलगी कदाचित पार दुसऱ्या टोकाची, मणिपूरची किंवा केरळची असेल. हे एकाच बैठकीत होणार नाही. आल्याला पाणी देताना, गोठ्यात, रात्री जेवणानंतर, जेव्हा दोघांचेही हात कामात असतात तेव्हा असली बोलणी होतात. ती सुरुवातीला तुटक उत्तरे देईल. तरी विचारत राहा, मधे मधे तुमच्या भरतीची गोष्ट सांगा. तीनदा परत आलो, हे तुम्ही मला लिहिलेत. तिला ते कुणाच्या तोंडून तुकड्यातुकड्याने कळले असेल, पण तुमच्याकडून सलग ऐकायला मिळाले आहे का? ज्या मुलीची मैत्रीण शेवटच्या यादीतून वगळली गेली, तिला ‘यादीत नाव नाही’ म्हणजे काय ते माहीत असलेला बाप घरातच आहे, हे समजायला हवे.

त्या मैत्रिणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ तीच आहे. दोघींनी एकाच मैदानावर, एकाच उन्हात सराव केला असणार. एकीचा पट्टा दुसरीने आवळला असेल, एकीच्या टाचेवरच्या फोडाला दुसरीने पट्टी लावली असेल. शेवटच्या निवडीत कुणी राहते ते नेहमी कमी असते म्हणूनच राहते असे नाही. जागा मोजक्या असतात, उंचीनुसार रांगा लावायच्या असतात, आणि कधी एखाद्या दिवशीचा तापही पुरतो. माझ्या वर्गातली अशी एक मुलगी परत आल्यावर महिनाभर शेवटच्या बाकावर बसत असे आणि तिच्याशी कुणी त्याबद्दल बोलत नसे, कारण जिंकलेल्यांसाठी आपल्याकडे शब्द आहेत, राहिलेल्यांसाठी नाहीत. तिच्याशी मीही त्या वेळी बोलले नाही, आणि ते मला आजही बोचते. तुमच्या मुलीला बोचते आहे ते असेच काहीतरी. रोज एसटीने महाविद्यालयात जाणारी ती मैत्रीण तुमच्या थांब्यावरून जात असणार, आणि दर सकाळी तिला तो फलक दिसत असणार. आपल्या आनंदाच्या सावलीत कोण उभे आहे हे ज्या मुलीला दिसते, ती एनसीसीत खरोखर काहीतरी शिकली आहे. ‘एकता और अनुशासन’ हे त्यांचे ब्रीद आहे, आणि त्यातला पहिला शब्द तिने मनावर घेतला आहे. या गोष्टीचा अभिमान तुम्ही कुणाजवळ बोलून दाखवलात की नाही, मला ठाऊक नाही, दाखवण्याजोगा आहे.

म्हणून फ्लेक्स उतरवा, आणि तो आज उतरवा. ‘लोक काय म्हणतील’ असे मनात येईल, पण गावातले फलक चार-दोन आठवड्यांत उतरतातच, कुणी त्याचा हिशेब ठेवत नाही. त्यावर तिच्या गणवेशातल्या छायाचित्राशेजारी शुभेच्छुक म्हणून पुढाऱ्यांचे चेहरे असतील, तर तिची अडचण आणखी समजण्यासारखी आहे, कारण तो गणवेश कुठल्याही पक्षाचा नाही, हे तिला मैदानावर पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. शिवाय ती सज्ञान मुलगी आहे. तिचे छायाचित्र थांब्यावर, गटांवर, अनोळखी फोनांत फिरावे की नाही, हे तिला विचारायला हवे होते. इथे तुमचे चुकले, असे स्पष्ट म्हणते. ‘तुला न विचारता लावला, चुकले माझे’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारा. त्याने बाप लहान होत नाही. पुढचे सत्कार आले तर निमंत्रण तिच्या हाती द्या आणि जायचे की नाही ते तिला ठरवू द्या. ती नको म्हणाली, तर कळवण्याचे काम मात्र तुम्ही करा, म्हणजे गावाच्या नजरेत शिष्टपणाचा ठपका तिच्यावर येणार नाही.

आता ‘अधिकारी होणार’ या वाक्याकडे वळते. पत्र वाचताना मला सर्वांत जास्त काळजी याच वाक्याची वाटली, कारण फलक उतरवता येतो, पण चारचौघांत दिलेला शब्द मुलीच्या नावावर राहतो. एनसीसी 1948 च्या कायद्याने स्थापन झाली आणि तिच्यात दाखल होणाऱ्यावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नाही, हे त्या कायद्यातच म्हटले आहे. कॅडेट म्हणजे होऊ घातलेला सैनिक, हा आपला समज आहे. तिला पुढे रसायनशास्त्रात संशोधन करायचे असेल, शिक्षिका व्हायचे असेल, तुमची आल्याची शेती पुढे न्यायची असेल, तरी दिल्लीतला तो महिना वाया गेला असे होत नाही.

आणि समजा तिला खरोखरच सैन्यात जायचे असेल, तर तो मार्ग कसा आहे तेही नीट समजून घ्या, म्हणजे तुमच्या घोषणेचे ओझे किती आहे ते लक्षात येईल. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एनसीसीच्या ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला किमान 50 टक्के गुण असतील, तर लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्यात लेखी परीक्षा नसते, पण थेट पाच दिवसांची सेवा निवड मंडळाची (एसएसबीची) मुलाखत असते. तिच्या पहिल्याच दिवशी चाळणी होते, आणि त्या चाळणीत न टिकलेल्यांना त्याच दिवशी परतीची गाडी धरावी लागते. चांगली चांगली मुले पहिल्या खेपेस तिथून परत येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस निवडली जातात. मुलींसाठी जागा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. ज्या मुलीच्या वडिलांनी गावाला आधीच सांगून ठेवले आहे, तिला त्या पहिल्या दिवशी परत येताना आपल्या थांब्यावर उतरायचीही भीती वाटेल. भरतीहून परतताना गावात पाऊल टाकणे कसे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही तरी निदान कुणाला आधी न सांगता गेला असाल.

तिची तशी इच्छा असेल तर नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या पात्र मुला-मुलींची या मुलाखतीसाठीची तयारी निःशुल्क करून घेतात. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची चौकशी होते. ही माहिती तिच्या कानावर एकदा घाला आणि विषय तिथेच सोडा. विचारायचे असेल तेव्हा ती विचारील.

सध्या तिला गरज आहे ती निराळ्याच गोष्टीची. शिबिरांमुळे तिची कितीतरी व्याख्याने आणि प्रात्यक्षिके बुडाली असणार, जर्नले अपुरी असणार, आणि विज्ञान शाखेला जर्नलाशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. एनसीसीची मुले मार्चमध्ये कशी धापा टाकत असतात, हे मी अठ्ठावीस वर्षे पाहिले आहे. प्राध्यापकांना भेटून जादा प्रात्यक्षिकांची सोय करून घेणे हे तिचे काम आहे आणि ती ते करील. त्यासाठी मोकळा वेळ आणि शांत घर देणे हे तुमचे. सत्काराला गेलेली एक संध्याकाळ म्हणजे एक जर्नल. 50 टक्क्यांची अट लक्षात घेतली, तर तुमच्या स्वप्नाच्या दृष्टीनेही हा हिशेब सरळ आहे.

धाकट्या मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. दहावीच्या वर्षात त्याला दिवसातून किती वेळा ‘ताईकडे बघ’ ऐकावे लागते, ते मोजा आणि ते बंद करा. त्याला ताई आवडत असेल. तिच्या नावाने मारलेला टोमणा आवडत नसेल. परीक्षा झाल्यावर एक दिवस दोघांना घेऊन कुठेतरी जा, आणि त्या दिवशी दिल्लीचा विषय ताईने काढला तरच निघू द्या.

लाल गोल काढलेले ते चित्र मात्र पुसून टाकू नका. चुकीचे म्हणून लाज वाटत असेल, तरी ठेवा. तुमच्या मुलीच्या शेजारून चाललेली ती मुलगी कुणाची तरी लेक आहे, आणि कुणी सांगावे, दूर कुठल्याशा गावात तिच्या वडिलांनीही टीव्हीवरचे चित्र थांबवून तुमच्या लेकीभोवती गोल काढला असेल. एखाद्या संध्याकाळी ते चित्र मुलीपुढे धरा आणि ही कोण, कुठली, हिचे नाव काय, असे तिला विचारा. महिनाभर एकाच मैदानावर राहिलेल्या त्या मुली आहेत. बहुधा ती ओळखत असेल, आणि मग तिथूनच ती पुढचे सांगू लागेल.